डोक्यातलं रक्त थांबलंय की अजून वाहतंय? एका स्कॅनवरून किती ओळखता येतं

(या भागात जे बोलले, ते वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून इथे दिलं आहे.)

बाईक चालवताना हे ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या आणि मग ऐका. गंमत नाही करत, आजचा विषयच तसा आहे.

आज बोलायचंय डोक्याला मार लागल्यावर आत होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल. त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. पहिल्या सिटीस्कॅनमध्ये थोडंसं रक्त दिसलं, तर ते तेवढंच राहणार की वाढणार? आणि हे त्या पहिल्या स्कॅनवरूनच ओळखता येतं का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम. अपघाताच्या रुग्णांच्या नातेवाईकांकडून एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय, "मॅडम, संध्याकाळीच तर स्कॅन केला. आता परत कशाला?" काही जण पुढचंही बोलून टाकतात, "बिल वाढवायला का?" त्यांचा राग मला समजतो. रात्रीचे दोन वाजलेले असतात, खिशातले पैसे संपलेले असतात, आणि पेशंट तर बोलतोय, पाणी मागतोय. मग परत स्कॅन का? याचं उत्तर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून आज निवांत सांगते.

आधी कवटी समजून घेऊ.

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे घट्ट बंद डबा. आत साधारण दीड लिटरच्या आसपास जागा. त्यात मेंदू, रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि मेंदूभोवतीचं पाण्यासारखं द्रव, एवढंच मावतं. पायाला मार लागला तर पाय सुजतो, कारण सुजायला बाहेर जागा असते. कवटीला ती सोय नाही. आत रक्त साचायला लागलं की शरीर आधी जागा करून देतं. ते द्रव खाली पाठीच्या कण्याकडे सरकतं, नसांतलं रक्त बाहेर ढकललं जातं. म्हणून सुरुवातीला माणूस ठीक वाटतो. पण ही सवलत संपली की मग थोडंसं जास्तीचं रक्तसुद्धा दाब झपकन वाढवतं. तिथून पुढे सगळं मिनिटांच्या हिशेबात चालतं.

तुमच्यापैकी काहींनी 'द पॅरेंट ट्रॅप' हा १९९८ चा सिनेमा पाहिला असेल. जुळ्या मुलींचा. त्यातल्या आईचं काम करणारी अभिनेत्री नताशा रिचर्डसन. मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट ट्रेम्ब्लाँ इथे ती स्कीइंग शिकत होती. नवशिक्यांच्या साध्या उतारावर पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठली, हसली, बोलली. ॲम्ब्युलन्स आली होती, ती परत पाठवली. तासाभरात डोकं दुखायला लागलं. मग धावपळ सुरू झाली, पण दोन दिवसांनी ती गेली. वय ४५. तपासणीत कारण निघालं एपिड्युरल हिमॅटोमा, म्हणजे कवटीचं हाड आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये साचलेलं रक्त.

हा मधला 'मी ठीक आहे' वाला काळ असतो ना, डॉक्टर त्याला ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. आपला सगळा घोळ तिथेच होतो. "बोलतोय ना? मग झोपू दे त्याला."

आता रक्त साचतं कुठे कुठे? ढोबळपणे तीन जागा लक्षात ठेवा. पहिली आत्ता सांगितली ती, हाड आणि आवरणाच्या मध्ये. कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे फ्रॅक्चर झालं आणि धमनी फाटली की रक्त जोरात साचतं. दुसरी, आवरणाच्या आत पण मेंदूच्या बाहेर, ते सबड्युरल. आणि तिसरी, मेंदूच्या आतच. मेंदू हाडावर आपटतो आणि त्याला मुका मार बसतो, त्याला म्हणतात कन्ट्युजन. कपाळामागे आणि कानशिलांमागे हे जास्त दिसतं.

या कन्ट्युजनबद्दलच आपला प्रश्न सगळ्यात टोकदार आहे. कारण ते पहिल्या स्कॅनमध्ये छोटं दिसतं आणि नंतर 'फुलतं'. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत ते वाढलेलं आढळलंय, आणि ही वाढ बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होते. घाबरू नका, वाढलं म्हणजे ऑपरेशन असं नाही. बरीचशी वाढ थोडी असते आणि आपोआप थांबते. पण कोणाची थांबणार आणि कोणाची नाही, खरा पेच तो आहे.

आता स्कॅनकडे वळू.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये एका रुग्णाच्या डोक्याचा पहिला सिटीस्कॅन झाला. यंत्र बनवलं होतं गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंजिनिअरने. पुढे १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. त्याआधी जिवंत माणसाच्या कवटीतलं रक्त असं थेट बघताच येत नव्हतं. आज आपण तालुक्याच्या गावातही स्कॅन करतो, ती सगळी पुण्याई या माणसाची.

स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे एक हजार, मेंदू साधारण ३० ते ४०, आणि गोठलेलं रक्त साधारण ६० ते ८०. म्हणून गोठलेलं रक्त मेंदूपेक्षा पांढरं दिसतं. पण नुकतंच वाहत असलेलं, अजून न गोठलेलं रक्त तेवढं पांढरं दिसत नाही, ते जरा मळकट राखाडी दिसतं. हा फरक लक्षात ठेवा, आपल्याला तो लागणार आहे. (जाता जाता एक सांगते. पेशंटचं हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर त्याचं रक्त स्कॅनवर आणखी फिकं दिसतं आणि मेंदूच्या रंगात मिसळून जाऊ शकतं. आपल्याकडे ॲनिमिया किती आहे हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आम्ही रक्ताचा रिपोर्टही विचारतो.)

आता मुद्द्याचं. स्कॅन हा फोटो आहे आणि रक्तस्राव हा व्हिडिओ. एका फोटोत धावणारा माणूस आणि थांबलेला माणूस कधीकधी सारखाच दिसतो.

उदाहरण घ्या. दोन पेशंट, दोघांच्या मेंदूत आठ-आठ मिलिलिटर रक्त. पहिल्याचा स्कॅन अपघातानंतर ४५ मिनिटांत झालाय, दुसऱ्याचा २० तासांनी. दोन्ही फोटो हुबेहूब सारखे. पण दुसऱ्याचं रक्त २० तासांत आठपर्यंतच पोचलंय, म्हणजे बहुधा थांबलंय. पहिल्याचं ४५ मिनिटांतच आठ झालंय! तो पुढे कुठे जाणार, कोणाला ठाऊक? म्हणून स्कॅन बघण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, मार किती वाजता लागला? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "संध्याकाळी कधीतरी." या 'कधीतरी'मुळे फोटोची निम्मी किंमत जाते.

बरं, मग फोटोतच काही खुणा सापडतात का? सापडतात.

एक, मुळातला आकार. पहिल्याच स्कॅनमध्ये जास्त रक्त असेल तर वाढण्याची शक्यता जास्त. आकार कसा मोजतात? लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि दोनने भागायचं. ५ गुणिले ४ गुणिले ३ म्हणजे ६०, भागिले दोन, ३० मिलिलिटर. म्हणजे चहाचे सहा चमचे. हा ३० आकडा मी मुद्दाम घेतला. हाड आणि आवरणाच्या मधलं रक्त ३० मिलिलिटरच्या वर असेल, तर पेशंट शुद्धीत असला तरी ऑपरेशन करून ते काढा, असं न्यूरोसर्जनांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सहा चमचे! एवढ्यावर आयुष्य ठरतं.

दोन, रंगातली मिसळ. पांढऱ्या गोठलेल्या रक्तात मध्येच मळकट भोवरे दिसले, चहात दूध ओतल्यावर पहिल्या क्षणी दिसतात तसे, तर तिथे अजून ताजं रक्त येत असू शकतं. याला 'स्वर्ल साइन' म्हणतात.

तीन, कडा. गुळगुळीत गोल डागापेक्षा वेडावाकडा, आजूबाजूला छोटे छोटे ठिपके असलेला डाग जास्त संशयास्पद.

चार, संगत. कन्ट्युजनबरोबर मेंदूच्या वळ्यांतही रक्त पसरलंय, शिवाय सबड्युरलही आहे, असं असेल तर जपून.

पाच, शिरेत औषध सोडून केलेला स्कॅन. त्यात डागाच्या आत चमकदार ठिपका दिसला तर औषध तिथे गळतंय, म्हणजे रक्तही गळतंय. हा 'स्पॉट साइन'. यातल्या बऱ्याच खुणा आधी ब्लड प्रेशरमुळे होणाऱ्या ब्रेन हॅमरेजमध्ये अभ्यासल्या गेल्या आणि मग अपघाताच्या रुग्णांवर तपासल्या गेल्या. दोन्हीकडे त्या सारख्याच चालतील असं धरून चालत नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही ना.

समजावण्यापुरता एक हिशेब मांडते, हे आकडे खऱ्या अभ्यासातले नाहीत. समजा १०० पेशंट, त्यातल्या ३० जणांचं रक्त वाढणार आहे. आपली खूण २५ जणांत दिसली. त्यातल्या १५ जणांचं खरंच वाढलं. म्हणजे दहा जणांना आपण उगाच घाबरवलं, आणि खूण नसताना ज्यांचं वाढलं असे १५ जण हातून निसटले. म्हणजे खूण दिसली तर सावध व्हायचं, पण खूण दिसली नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

शिवाय निम्मी गोष्ट स्कॅनच्या बाहेरच असते. पेशंट ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतो का? वय किती? दारूने लिव्हर खराब आहे का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे शुद्ध. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी एक साधी मोजपट्टी दिली, ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसे, याचे गुण. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. त्याला ना वीज लागते ना मशीन. नर्स दर तासाला येऊन "काका, नाव सांगा, आज वार कोणता?" असं विचारतात ना, ते टाइमपास नसतं. पंधराचे तेरा झाले की स्कॅन काय म्हणत होता हे बाजूला ठेवून आधी पेशंटकडे धावायचं असतं.

आता तुम्ही विचाराल, "एआय काय म्हणतंय?" विचाराच.

एआयचं इथे खरंच काम झालंय, आणि त्यातलं एक मुंबईचं आहे. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीच्या टीमने २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अभ्यास छापला. भारतातल्या साधारण २० केंद्रांमधले तीन लाखांहून जास्त डोक्याचे स्कॅन वापरून त्यांनी कॉम्प्युटरला रक्तस्राव, फ्रॅक्चर, मेंदू एका बाजूला सरकणं असं ओळखायला शिकवलं. पुढे २०२० मध्ये इंग्लंडमधल्या इम्पीरियल कॉलेज आणि केंब्रिजच्या संशोधकांनी ब्लास्ट-सिटी नावाचं साधन मांडलं. ते वेगवेगळ्या प्रकारचं रक्त आणि सूज वेगळी काढून मिलिलिटरमध्ये मोजतं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या स्कॅनमधला फरक अंदाजाने नाही, आकड्यात कळतो.

पण इथे तीन क्रिया आहेत, त्यांची गल्लत करू नका. रक्त आहे हे ओळखणं, ते किती आहे हे मोजणं, आणि ते पुढे किती होईल हे सांगणं. पहिल्या दोन गोष्टींत कॉम्प्युटर चांगला तयार झालाय. तिसरी अवघड आहे, आणि त्याचं एक कारण फार विचार करायला लावणारं आहे.

भाकीत शिकवायला काय लागतं? पहिला स्कॅन आणि दुसरा स्कॅन, अशी जोडी. पण ज्याचं रक्त सगळ्यात वेगाने वाढलं, त्याला दुसऱ्या स्कॅनआधीच ऑपरेशनला नेलं, किंवा तो वाचलाच नाही. त्याची जोडी तयारच होत नाही! म्हणजे ज्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकायचं, तोच वर्गात गैरहजर. त्यात प्रत्येक अभ्यासात 'वाढ' म्हणजे काय याची व्याख्या वेगळी. कुणी एक तृतीयांशाने वाढ मोजतं, कुणी मिलिलिटरमध्ये. त्यामुळे 'आमचं मॉडेल इतके टक्के अचूक' असं वाचलंत, तर आधी विचारा, कशाची वाढ, कोणत्या पेशंटमध्ये, मार लागून किती तास झाले होते?

एवढा आटापिटा कशासाठी? कारण या भाकितावर तीन निर्णय अवलंबून असतात.

पहिला, पेशंटला हलवायचं की नाही. समजा गावाकडच्या हॉस्पिटलात स्कॅन आहे, पण न्यूरोसर्जन तीन तासांवरच्या शहरात आहे. वाढणार असेल तर आत्ता निघायला हवं, चार तासांनी निघून उपयोग नाही. वाढणार नसेल तर उगाच त्या घराला ॲम्ब्युलन्स, शहरातला मुक्काम आणि कर्ज यांत लोटायचं कशाला? चुकीचं भाकीत दोन्ही बाजूंनी महाग पडतं.

दुसरा, औषध. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं औषध रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांच्या संशोधनातून ते १९६२ मध्ये पुढे आलं. २०१९ च्या क्रॅश-३ या मोठ्या चाचणीत २९ देशांतले १२ हजारांहून जास्त डोक्याला मार लागलेले पेशंट होते. सगळे मिळून बघितले तर फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. पण मार सौम्य ते मध्यम असेल आणि औषध तीन तासांच्या आत मिळालं, तर डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू कमी दिसले. रक्त वाढून झाल्यावर ते थांबवायचं औषध देऊन काय करणार? वाढायच्या आधीच द्यायला हवं. पुन्हा तेच, घड्याळ.

तिसरा, दुसरा स्कॅन कधी करायचा आणि करायचा की नाही. हो, 'परत कशाला' हा प्रश्न दर वेळी चुकीचा नसतो! अगदी छोटं रक्त, पेशंट पूर्ण शुद्धीत, तब्येत तासन् तास स्थिर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या नाहीत, अशा वेळी दुसऱ्या स्कॅनने उपचार क्वचितच बदलतात, आणि स्कॅनला रेडिएशन तर आहेच. उद्या भाकीत सुधारलं तर कित्येकांचा दुसरा स्कॅन वाचेलही. तोवर डॉक्टरांना बिनधास्त विचारा, "हा स्कॅन केल्यावर तुम्ही काय वेगळं करणार आहात?" रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळायला हवं.

आता तुमच्या हातात काय आहे? मोबाईल आहे. तोच वापरा.

अपघात झाला की १०८ ला फोन करा आणि तो फोन किती वाजता केला ते कॉल लॉगमध्ये राहतंच. मार लागल्याची वेळ नोट करून ठेवा. घरी फोन करून पेशंटच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मागवा. तो मधे बेशुद्ध झाला होता का, किती वेळ, उलट्या किती झाल्या, हे लिहा. दुसऱ्या हॉस्पिटलात नेताना व्हॉट्सॲपवर एका फिल्मचा फोटो पाठवून भागवू नका. एका स्कॅनमध्ये कितीतरी काप असतात आणि आम्हाला ते सगळे लागतात. स्कॅनची सीडी किंवा लिंक मागून घ्या. ती असली की दोन स्कॅन शेजारी ठेवून मिनिटात फरक दिसतो. आणि रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला मदत केलीत म्हणून तुमच्यावर बालंट येणार नाही, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात तसं संरक्षण दिलेलं आहे.

घरी सोडलं असेल तर पहिले २४ तास कुणीतरी सोबत राहा. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, उठवूनही न उठणं, असंबद्ध बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, झटका येणं, नाकातून किंवा कानातून पाणी वाहणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पहिला रिपोर्ट नॉर्मल होता हे त्या क्षणी विसरून जा. आणि डोकं दुखतंय म्हणून मनानेच ॲस्पिरिन देऊ नका.

शेवटचं. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्र सरकारच्याच अहवालात आहे की त्यातल्या पन्नास हजारांहून जास्त जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं. आम्ही स्कॅनमधले भोवरे शोधू, मिलिलिटर मोजू, कॉम्प्युटरला शिकवू. पण रक्त वाढेल का, हा प्रश्न पडूच नये याची सोय तुमच्या बाईकच्या आरशाला लटकलेली असते. ती डोक्यावर घाला, आणि पट्टा लावा बरं का, नुसतं टेकवू नका.

हा भाग घरातल्या बाईकवाल्यांना आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांच्या ग्रुपवर नक्की पाठवा. प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!